बर्फात घाम वैरी

मंडळी, डहाणू-तलासरीत बसून बर्फाच्या गोष्टी म्हणजे गंमतच. पण 2018च्या मे महिन्यात ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्टवर पोचलेली आश्रमशाळेची पाच आदिवासी मुलं चंद्रपूरची होती. तिथलं ऊन तुम्हाला माहीतच आहे! म्हणून इथल्या पोरांसाठी बोलतो.

थंडीपेक्षा ओल जास्त घातक. आपल्याकडे घामेजलेला सुती सदरा गारवा देतो, बरं वाटतं. बर्फात तोच सदरा अंगातली ऊब ओढून नेतो. तेव्हा आतून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा घाला. चढ लागण्याआधीच एक थर उतरवायचा, थांबलात की लगेच चढवायचा. निघताना जरासं गारठलेलंच बरं.

आता स्नोशू. खाडीच्या चिखलात पाय रुततो, पण फळी टाकली की वजन पसरतं आणि आपण वर राहतो, हे तसंच. पाय किंचित फाकवून टाका, नाहीतर स्वतःच्याच स्नोशूवर पाय पडून तोंडघशी पडाल. पुढचा गडी वाट दाबत असतो, तो लवकर दमतो. त्याला आळीपाळीने मागे घ्या.

पिण्याचं पाणी बर्फ वितळवूनच. ताज्या हिमाच्या 10 सेंटिमीटर थरातून जेमतेम 1 सेंटिमीटर पाणी निघतं, म्हणून इंधन भरपूर हवं. आणि एक गोष्ट कधी विसरू नका: बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येतेय असं वाटतं, आणि माणूस उठत नाही.

सराव इथेच सुरू करा. पाठीवर ओझं घेऊन महालक्ष्मीचा डोंगर चढा, मग उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत अर्ज करा.