जोडाची जबाबदारी

पोलादी पत्रे, पाइप आणि तुळया कापून, वाकवून व एकमेकांना जोडून टाक्या, बॉयलर, पूल किंवा जहाजे घडवण्याच्या उद्योगाला फॅब्रिकेशन म्हणतात, आणि तयार वस्तूची ताकद बहुतेक वेळा तिच्या वेल्डिंगच्या जोडांवर ठरते. जोड बाहेरून कितीही नेटका दिसला तरी त्याच्या पोटात काय आहे हे नजरेला कळत नाही. क्ष-किरणांनी किंवा श्राव्यातीत ध्वनिलहरींनी आतली पोकळी सापडते, पण जोडालगतचे पोलाद तापून-निवून किती ठिसूळ झाले आहे, हे पाहायचे तर जोड कापून मोडावाच लागतो. विकायची टाकी अशी मोडून पाहता येत नाही, म्हणून गुणवत्तेचा बंदोबस्त काम सुरू होण्याआधीच करावा लागतो. तो करणारा माणूस म्हणजे वेल्डिंग तज्ज्ञ.

वेल्डर आणि वेल्डिंग तज्ज्ञ या दोन भूमिकांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. वेल्डर आपल्या हाताने जोड घडवतो. त्या जोडासाठी कोणता रॉड घ्यायचा, विद्युतप्रवाह किती ठेवायचा, पत्रा आधी किती तापवायचा आणि थर कोणत्या क्रमाने चढवायचे, हे तज्ज्ञ ठरवतो व एका कार्यपद्धती-पत्रकात लिहून देतो. कारखान्यात हे पत्रक ‘डब्ल्यूपीएस’ या नावाने ओळखले जाते. ते नुसते लिहून भागत नाही. त्यानुसार नमुन्याचा जोड करून, त्याच्या पट्ट्या कापून, काही ओढून तोडल्या जातात आणि काही वाकवल्या जातात. बॉयलर व दाबपात्रांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी संहितेनुसार, वाकवलेल्या पट्टीच्या बाहेरच्या अंगावर साधारण 3 मिलिमीटरहून मोठी भेग उघडली तर नमुना नापास होतो. वेल्डरचीही स्वतंत्र परीक्षा होते. तिचा एक अवघड प्रकार म्हणजे 45 अंशांत तिरका बसवलेला पाइप जराही न फिरवता चहूबाजूंनी जोडणे. उत्तीर्ण झालेल्या वेल्डरने ती प्रक्रिया सहा महिने वापरली नाही, तर या संहितेप्रमाणे त्याची पात्रता संपते, आणि ही अट योग्यच आहे, कारण हाताचे कसब सरावावाचून टिकत नाही.

तज्ज्ञाच्या ज्ञानाची खरी कसोटी हायड्रोजनच्या बाबतीत लागते. रॉडवरच्या लेपाने हवेतला ओलावा शोषला, तर विद्युत ज्योतीच्या उष्णतेने त्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो, आणि जोड निवल्यावर, कधी काही तासांनी तर कधी दोन दिवसांनी, जोडाशेजारच्या कठीण झालेल्या पोलादात तडा पाडतो. काम संपल्याबरोबर केलेल्या तपासणीत निर्दोष ठरलेला जोड नंतर तडकतो तो असा. यावर उपाय म्हणजे कमी हायड्रोजनचे रॉड भट्टीत भाजून, वापरेपर्यंत गरम पेटीत ठेवणे आणि जाड पत्रा वेल्डिंगआधी तापवून घेणे, म्हणजे तो सावकाश निवतो व हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो. पत्रा किती तापवायचा, हे त्यातल्या कार्बन, मँगनीज, क्रोमियम आदी घटकांच्या प्रमाणावरून काढलेल्या ‘समतुल्य कार्बन’ या आकड्याच्या आणि पत्र्याच्या जाडीच्या आधारे ठरते. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड उचलून थेट होल्डरला लावणाऱ्या कामगाराला हे कोणी सांगितलेलेच नसेल, तर दोष त्याच्या हाताला देता येत नाही.

दुर्लक्षित जोड काय करू शकतो, हे 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात दिसले. नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासासाठी वापरला जाणारा ‘अलेक्झांडर किलँड’ हा पाच पायांचा तरंगता मंच वादळात एक पाय तुटून उलटला आणि त्यावरील 212 माणसांपैकी 123 जण दगावले. पायाला धरून ठेवणाऱ्या एका आडव्या नळीवर ध्वनिग्राहक यंत्राचा आधार बसवलेला होता. त्या आधाराभोवतीच्या अवघ्या 6 मिलिमीटरच्या सदोष जोडातून सुरू झालेली भेग लाटांच्या माऱ्याने वाढत गेली आणि नळी तुटली. भेगेच्या पृष्ठावर रंगाचे अंश सापडले, म्हणजे बांधणीच्या वेळीच तिथे तडा होता. यंत्राचा तो आधार मंचाचा भार वाहणारा भाग मानला गेला नव्हता, त्यामुळे त्याच्या जोडाकडे तितक्या बारकाईने पाहिले गेले नाही. मुख्य नळीला जोडलेली प्रत्येक वस्तू त्या नळीचाच भाग होते, हे आराखड्यावर बोट ठेवून सांगणारा माणूस अशा जागी हवा असतो.

भारतात 1950 च्या बॉयलर नियमांमुळे बॉयलरचे वेल्डिंग प्रमाणपत्रधारक वेल्डरकडूनच करून घ्यावे लागते, आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना हे नियम चांगले परिचयाचे आहेत. तिरुचिरापल्लीत 1975 पासून वेल्डिंग संशोधन संस्था आहे. वेल्डिंग अभियंत्याची आंतरराष्ट्रीय पदविकाही देशात मिळवता येते. तरीही बॉयलरच्या कक्षेबाहेरची कितीतरी कामे, म्हणजे गोदामांची छपरे, जाहिरातींचे सांगाडे, पाण्याच्या टाक्यांचे मनोरे, केवळ अंदाजाने जोडली जातात, आणि तज्ज्ञाचा पगार हा टाळता येण्याजोगा खर्च समजला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. काम देणाऱ्या सोसायटीने, ग्रामपंचायतीने किंवा उद्योजकाने दरपत्रकाबरोबर कार्यपद्धती-पत्रक आणि वेल्डरचे चालू पात्रता-प्रमाणपत्र मागावे, आणि ते न देणाऱ्याला काम देऊ नये.