तिघांसाठी जहाजाची केबिन : भाडे नंतर, पलंग आधी पाहा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत राहणाऱ्यांचा समुद्राशी संबंध तसा थोडाच. आपल्याकडील ज्या बुजुर्गांनी जहाजाने सफर केली, ते बहुतेक हजला गेलेले. मुंबई ते जेद्दा ही हजची जहाजसेवा १९९५ साली संपली आणि जहाजाचा विषयही घराघरांतून मागे पडला. आता तो वेगळ्या रूपाने परत आला आहे. २०१९ साली 'कर्णिका' हे पर्यटन जहाज मुंबईहून सुरू झाले. ती कंपनी २०२० मध्ये बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीने 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप या मार्गांवर आणले. धानाचा, लाकडाचा किंवा तेंदूपानाचा व्यापार करणारी कुटुंबे आता अशा सफरीची चौकशी करू लागली आहेत आणि आपल्याकडील प्रवासी एजंटही ती तिकिटे विकतात.

दोघांचे तिकीट काढणे सोपे असते. अडचण येते ती तिघांची. आई आणि दोन मुली, नवरा-बायको आणि मोठा मुलगा, किंवा राईस मिलचे तीन भागीदार, असे तिघे प्रौढ एकाच केबिनमध्ये राहणार असतील तर केबिन कशी निवडावी, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

केबिन म्हणजे हॉटेलची खोली नव्हे

ताडोबाला मोहर्ली किंवा कोलारा येथे मुक्कामाला गेलो आणि खोलीत माणूस वाढला, तर आपण मॅनेजरला सांगून जमिनीवर एक गादी टाकून घेतो. जहाजावर हे चालत नाही. प्रत्येक केबिनमध्ये किती माणसे झोपणार हा आकडा आधीच ठरलेला असतो. ताडोबाच्या जिप्सीत सहा पर्यटकांवर सातवा बसवत नाहीत, तसेच हे आहे. त्यामागे कारणही आहे. संकटाच्या वेळी प्रत्येक प्रवाशाने कोठे जमायचे आणि कोणत्या जीवरक्षक नौकेत बसायचे हे नेमून दिलेले असते. त्या नौकांची क्षमता पूर्ण झाली की, जहाजाच्या त्या भागात तीन पलंगांची केबिन रिकामी असूनही कंपनी ती फक्त दोघांना देते, तिसरा माणूस घेत नाही. म्हणून "आधी दोघांचे बुकिंग करू, तिसऱ्याचे नाव पुढच्या महिन्यात घालू" हा विचार करू नये. तिन्ही नावे पहिल्याच दिवशी द्यावीत.

दुसरी बाब जागेची. 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली बांधलेले आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या साध्या केबिन लहान आहेत; सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास. म्हणजे अंदाजे दहा फूट बाय बारा फूट. त्यातच संडास-बाथरूम, कपाट आणि पलंग सगळे आले. बाल्कनी मोजक्याच आणि त्याही वरच्या दर्जाच्या केबिनना. अलीकडे बांधलेल्या मोठ्या जहाजांवर केबिन जरा ऐसपैस असतात, पण तेथेही तिसऱ्या माणसाचा प्रश्न हाच राहतो.

तिसरा पलंग असतो कोठे?

जाहिरातीत "तीन व्यक्तींसाठी" असे छापलेले असते, तेव्हा तीन सारखे पलंग मिळतील असे कोणी समजू नये. साधारणपणे दोन पलंग खाली असतात. ते जोडून डबल बेड करता येतो किंवा वेगळे ठेवता येतात. तिसऱ्याची सोय दोन प्रकारे केली जाते.

पहिला प्रकार भिंतीतून किंवा छतातून खाली येणाऱ्या बर्थचा. रेल्वेच्या डब्यातील वरची बर्थ डोळ्यांपुढे आणावी. दिवसा ती दुमडलेली असते, रात्री खोलीची व्यवस्था पाहणारा कर्मचारी ती उघडून अंथरूण घालतो व शिडी लावतो. प्रौढ माणूस तिच्यावर झोपू शकतो, मात्र त्याला रात्री लघवीला उठावे लागत नसावे आणि गुडघे शाबूत असावेत. रेल्वेत एखाद्या तरुणाला विनंती करून बर्थ बदलून घेता येते. बंद केबिनमध्ये तसा कोणी तरुण भेटणार नाही; जे तिघे आत आहेत त्यांच्यापैकीच एकाला वर चढावे लागणार.

दुसरा प्रकार सोफ्याचा. दिवसा सोफा, रात्री पलंग. हा प्रामुख्याने मोठ्या व महाग केबिनमध्ये असतो. यात चढउतार नाही, पण काही सोफे लांबीला कमी असतात आणि मुलांचा विचार करून बनवलेले असतात. सहा फूट उंचीच्या माणसाने लांबी विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

म्हणून एजंटकडे गेल्यावर भाडे विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा : तिसरा पलंग वरची बर्थ आहे की सोफा? "सोय होऊन जाईल" हे उत्तर मान्य करू नये. जहाजाचा मजलावार नकाशा प्रत्येक कंपनी देते. कोणत्या केबिनमध्ये तिसरी किंवा चौथी बर्थ आहे हे त्यावर खुणांनी दाखवलेले असते. तो नकाशा समोर ठेवून केबिन क्रमांक निवडावा.

यानंतर घरात बसून ठरवावे की वर कोण झोपणार. साठीची आई, मधुमेहाचे वडील किंवा गरोदर सून यांच्यापैकी कोणावर ती पाळी येत असेल, तर ती केबिन कितीही स्वस्त असली तरी आपल्या कामाची नाही. तिघांपैकी एक जण तरी धडधाकट असून खुशीने वर झोपायला तयार असेल, तरच एका केबिनचा विचार करावा. नाते पाहणेही तितकेच गरजेचे आहे. आई, मुलगा आणि सून असे तिघे असतील, तर सव्वाशे चौरस फुटांत तीन-चार रात्री काढणे कोणालाच सुखाचे होणार नाही. आई आणि दोन मुली असतील तर तीच केबिन चालून जाईल. फक्त खालचे दोन पलंग वेगळे ठेवावेत हे बुकिंगच्या वेळीच सांगावे.

भाड्याचा हिशेब

जहाजाचे भाडे खोलीवर नसते, माणशी असते आणि ते दोन माणसे धरून ठरवलेले असते. पहिले दोघे पूर्ण भाडे देतात, तिसऱ्याला बहुधा सवलत मिळते. याउलट एकट्याने केबिन घेतली तर त्याला दुसऱ्याच्या रिकाम्या जागेचेही पैसे भरावे लागतात; कधी दीडपट, कधी दुप्पट. बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी मात्र डोक्यावर लागते. त्यात तिसऱ्याला सूट मिळेल असे धरून चालू नये.

समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, कोणत्याही कंपनीचे दरपत्रक नव्हे. खिडकीच्या केबिनचे भाडे माणशी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० धरू. आतील, बिनखिडकीच्या केबिनचे भाडे माणशी २२,००० आणि तिसऱ्यासाठी १४,००० धरू. एकट्याला दुप्पट भाडे व इतर आकार माणशी ६,००० धरू.

तिघे खिडकीच्या एका केबिनमध्ये : भाडे ७८,०००, इतर आकार १८,०००, एकूण ९६,००० रुपये.

तिघे आतील एका केबिनमध्ये : भाडे ५८,०००, इतर आकार १८,०००, एकूण ७६,००० रुपये.

खिडकीच्या दोन केबिन, एकीत दोघे व दुसरीत एक : भाडे १,२०,०००, इतर आकार १८,०००, एकूण १,३८,००० रुपये.

आतील दोन केबिन, एकीत दोघे व दुसरीत एक : भाडे ८८,०००, इतर आकार १८,०००, एकूण १,०६,००० रुपये.

पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून पाहा. फरक १०,००० रुपयांचा, म्हणजे माणशी साधारण ३,३०० रुपये. तेवढ्यात दुसरे बाथरूम मिळते, कोणाला शिडी चढावी लागत नाही आणि सासू-सुनेला आपापला आडोसा मिळतो. जातो तो फक्त खिडकीतून दिसणारा समुद्र, आणि तो डेकवर जाऊन दिवसभर फुकट पाहता येतो. प्रत्येक सफरीत हिशेब असाच निघेल असे नाही. पण "तिघांना एक केबिन म्हणजे सर्वांत स्वस्त" हे गृहीत धरून थांबू नये. एजंटकडून चारही आकडे एका कागदावर लिहून घ्यावेत. दोन केबिन घेतल्या तर त्या शेजारी-शेजारी किंवा आतून दार असलेल्या आहेत का, हेही विचारावे.

रद्द करण्याचा नियम नीट वाचावा. सवलत "तिसऱ्या" माणसाला असते. पहिल्या दोघांपैकी एकाचे जाणे रद्द झाले की तिसरा आपोआप दुसरा होतो आणि त्याची सवलत जाऊ शकते. आजारी माणूस सोबत असेल तर हा मुद्दा अगोदर स्पष्ट करून घ्यावा.

जागा कोठली घ्यावी?

ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना बोट लागण्याची धास्ती असते. जहाज पाळण्यासारखे डोलते. टोकांना जास्त, मध्यभागी कमी, वरच्या मजल्यांवर जास्त, खालच्यांवर कमी. म्हणून मध्यभागातील खालच्या मजल्याची केबिन उत्तम, आणि ती बहुधा स्वस्तही असते. म्हातारी माणसे असतील तर लिफ्टपासून जवळची घ्यावी, अगदी लिफ्टसमोरची नको. डोक्यावर नाचगाण्याचे सभागृह किंवा स्वयंपाकघर असेल तर झोपेचे खोबरे होते. नकाशावर वरचा आणि खालचा मजला पाहिला की हे कळते. खिडकीच्या काही केबिनसमोर जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात. पैसे समुद्राचे द्यायचे आणि पाहायची नौकेची पाठ, असे होऊ नये म्हणून "दृश्य मोकळे आहे का" हे विचारावे. "क्रमांक नंतर मिळेल" या अटीवर स्वस्तात विकली जाणारी केबिन तिघांनी शक्यतो घेऊ नये, कारण तिसऱ्या पलंगाचा प्रकार तेव्हा आपल्या हाती राहत नाही.

सामान माफक न्यावे. तिघांच्या तीन मोठ्या बॅगा साध्या केबिनमध्ये मावत नाहीत. पलंगाखाली जातील अशा दोन बॅगा पुरेत. बाथरूम एकच आणि अरुंद असते. वुजू, आंघोळ आणि सकाळची तयारी यांच्या वेळा आपसांत वाटून घ्याव्यात. हलाल जेवणाबाबत तोंडी आश्वासनावर न जाता बुकिंगच्या वेळी लेखी विचारणा करावी.

कधी आणि कोठून?

मुंबईच्या समुद्रात पावसाळ्यात पर्यटन जहाजे चालत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च समुद्र शांत असतो. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात धान निघते आणि एप्रिल अखेरीपासून तेंदूपानाची धावपळ सुरू होते. तेव्हा फेब्रुवारी हा व्यापाऱ्याला सवडीचा आणि समुद्रालाही मानवणारा महिना होय.

मुंबई हेच एक बंदर नाही, हेही ध्यानात ठेवावे. २०२२ पासून चेन्नई व विशाखापट्टणम येथूनही या कंपनीने सफरी केल्या आहेत. नकाशावर सरळ रेषेने मोजले तर चंद्रपूरहून विशाखापट्टणमचा किनारा मुंबईपेक्षा जवळ आहे. चेन्नईच्या थेट गाड्या तर बल्लारशाहूनच जातात. गडचिरोली जिल्ह्यातील मंडळींना वडसा किंवा बल्लारशा गाठून पुढे जाता येईल. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून गाडीला होणारा उशीर धरून एक दिवस आधी बंदराच्या गावी पोहोचावे आणि त्या मुक्कामाचा खर्चही हिशेबात घालावा.

आपल्या भागातील एजंट बंधूंनाही एक सूचना. पावतीवर केवळ "तीन व्यक्ती, समुद्र सफर" असे लिहू नका. केबिनचा प्रकार, क्रमांक, मजला, तिसऱ्या पलंगाचा प्रकार आणि रद्द करण्याची अट एवढ्या पाच गोष्टी लिहून द्या. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, देसाईगंजसारख्या गावांत धंदा ओळखीवर चालतो. एका म्हाताऱ्या आईला तीन रात्री शिडी चढावी लागली, तर ती गोष्ट सगळ्या मोहल्ल्यात होते आणि पुढची दहा गिऱ्हाइके जातात. ग्राहकानेही या पाच गोष्टी कागदावर आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.