पडद्यावरचा धडा आणि कुंडीतील ओल

इलेक्ट्रॉनिक्स शिकावयाचे म्हणजे शहरात राहून तंत्रनिकेतनात नाव घालावयास हवे, असा समज अद्यापि पुष्कळांच्या मनात आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २०१२ साली परिपथ व इलेक्ट्रॉनिक्स या विषयाचा पाठ्यक्रम इंटरनेटवरून सर्वांस विनामूल्य खुला केला. सुमारे १ लक्ष ५५ हजार लोकांनी नावे नोंदविली. त्यांपैकी प्रमाणपत्र मिळविणारे ७,१५७ निघाले. गळती मोठी खरी; परंतु इतके विद्यार्थी मावतील असा वर्ग तरी कोठे आहे? आपल्याकडे २०१७ साली सुरू झालेल्या शासनाच्या ‘स्वयम्’ मंचावरही असे पाठ विनामूल्य ऐकता येतात. ते बहुतांशी इंग्रजीत असल्याने मराठी शाळेत शिकलेल्याने आरंभी शब्दकोश जवळ ठेवावा.

२०१२ च्या त्या पाठ्यक्रमातील प्रयोगशाळा पडद्यावरचीच होती. तेथे जोडणी चुकली तरी काही जळत नाही. हातात वस्तू आल्यावर गोष्ट निराळी होते. नऊ व्होल्टच्या बॅटरीस तांबडा एल.ई.डी. दिवा थेट जोडल्यास तो निकामी होतो. मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर घालावा. दिव्यावर सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात. उरलेल्या ७ व्होल्टना ४७० ने भागले म्हणजे प्रवाह सुमारे १५ मिलिअँपिअर येतो. नियम पाठ असला तरी हा आकडा नवशिक्याने मल्टिमीटरवर स्वतः पाहावा.

शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्यास पुढे मातीतील ओल दाखविणारे यंत्र करावेसे वाटणे साहजिकच आहे. दोन खिळे, एक ट्रान्झिस्टर व एक दिवा एवढ्यावर ते होते. माती ओली असता खिळ्यांमधून प्रवाह वाहतो व दिवा लागतो. माती सुकली की मंदावतो. कुंडीत पहिल्या दिवशी सर्व ठीक चालते. काही दिवसांनी ओल तितकीच असूनही दिवा मंद होऊ लागतो. खिळे उपटून पाहिल्यास बॅटरीच्या धन टोकास जोडलेला खिळा झिजलेला आढळतो. एकाच दिशेने सतत वाहणाऱ्या प्रवाहाने ओल्या मातीत धातूचा असा क्षय होतो. उलटपक्षी, रासायनिक खत दिल्यावर मातीतील पाण्यात क्षार वाढतात, प्रवाह अधिक वाहतो आणि सुकत आलेली माती ओली भासते. अशा दिव्यावर विसंबून पाण्याची पाळी लांबविली तर पिकास ताण बसेल.

यास्तव प्रवाह केवळ पाहणीपुरता क्षणभर सोडावा आणि यंत्राची साक्ष मुळांच्या खोलीवरील माती मुठीत दाबून पडताळावी. जिप्समच्या ठोकळ्यात बसविलेली टोके अधिक भरवशाची असतात. जिप्सम विरघळून ठोकळ्यातील पाणी सदैव क्षारयुक्त राहते, त्यामुळे बाहेरच्या क्षारांतील फरक कमी जाणवतो. मात्र अतिशय खारवट जमिनीत त्यांचाही पुरता भरवसा धरू नये.

यंत्र चालू लागले की त्यावर पंप आपोआप चालविण्याचा मोह होतो. परंतु थ्री फेज स्टार्टरमध्ये सुमारे ४१५ व्होल्टचा दाब असतो. त्याचे झाकण नवशिक्याने उघडू नये. ती जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी.