आवाजावर आवाजाचा उतारा

इंजिनाची घरघर घालवायची, तर गाडीत आणखी थोडा आवाज सोडायचा! उफराटी वाटणारी ही युक्ती बरीच जुनी आहे. पाउल ल्यूग यांनी १९३३ मध्ये जर्मनीत तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंटही मिळालं. एका लाटेच्या शिखरावर दुसरीची दरी नेमकी बसली, की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. विकत घेता येईल अशा मोटारीत हे यायला मात्र १९९२ उजाडलं. गाडी होती जपानमधली निसान ब्लूबर्ड.

आवाज सोडणं अवघड नव्हतंच, अवघड होतं ते वेळ साधणं. उलटी लाट अगदी तेवढ्याच जोराची आहे, पण ६० अंशांनी चुकली, तर फायदा शून्य. त्याहून जास्त चुकली, तर आधीची घरघर बरी होती म्हणायची पाळी. पूर्ण १८० अंश चुकली, तर आवाज ६ डेसिबलनी चढतो. आणि २० डेसिबल कमी करायचे असतील, तर चूक ६ अंशांच्या आतच हवी.

त्या मानाने इंजिन हा सोपा गडी, कारण ते तेच तेच बोलतं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमवर सेकंदाला १०० ठोके देतं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत तीनच सिलिंडर असतात, त्यांचे ७५. क्रँकशाफ्टच्या सेन्सरला फेरे विचारले, की कुठला सूर मारायचा ते कळतं. म्हणूनच मागच्या सीटवरच्या गप्पा, हॉर्न, रुग्णवाहिकेचा सायरन यांना ही यंत्रणा हात लावत नाही.

मग छताच्या अस्तरात माईक कशाला? तर उरलेला आवाज मोजायला. त्या मापावरून प्रोसेसर आपली लाट क्षणाक्षणाला सुधारत जातो. सुधारण्याची ही रीत, एलएमएस, बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी १९६० मध्ये मांडली. हेच हॉफ पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांत गणले गेले.

आता ग्यानबाची मेख. स्पीकरमधून निघालेला आवाज माईकपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. अ‍ॅम्प्लिफायर, सीटचं कापड, काचा, आतली हवा, सगळे त्यात ढवळाढवळ करतात. म्हणून प्रोसेसरकडे या वाटेचा एक नकाशा भरून ठेवलेला असतो आणि आपली प्रत्येक सुधारणा तो त्यावरून ठरवतो. गंमत अशी, की नकाशा बराच चुकीचा असला तरी चालतं! चूक ९० अंशांच्या आत असेल आणि सुधारणा सावकाश होत असेल, तर यंत्रणा उशिरा का होईना, मुक्कामाला पोचते. पण ९० ची रेषा ओलांडली, की ती उलटं शिकायला लागते. आवाज वाढलेला दिसतो, म्हणून ती सुधारते, सुधारणेने तो आणखी वाढतो, म्हणून ती आणखी सुधारते. इतकं मन लावून केलेला गोंधळ विरळाच.

नकाशा बिघडवायला फार काही लागत नाही. काच खाली केली, सनरूफ उघडलं, मागे तिघं जण बॅगा घेऊन बसले, तरी वाट थोडी बदलते. खरा घोटाळा होतो तो हौशी मालकाने बाहेरून दणदणीत अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवल्यावर. नकाशा जुन्या स्पीकरचा, आवाज नव्याचा! गाणी बंद असतानाही गाडी घुमायला लागते.

यावर इंजिनियरांचा एक आवडता उपाय म्हणजे मुद्दाम ठेवलेली गळती. शिकलेल्यातलं कणभर दर क्षणी विसरायचं. त्यात शांततेचे एकदोन डेसिबल जातात, पण हिशेब हाताबाहेर जात नाही. मला तर हा सौदा स्वस्तातला वाटतो. दुसरा उपाय म्हणजे हळू शिकणं. पण १५०० वरून ४५०० आरपीएमपर्यंत गाडी पळवली, की चार सिलिंडरचा सूर ५० वरून १५० हर्ट्झवर जातो आणि सावकाश शिकणारा मागेच राहतो.

बारीक, चिरका आवाज असा का मारत नाहीत? ढोबळ नियमाने माईकभोवती तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याएवढी जागा शांत होते. १०० हर्ट्झला ती सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे डोकं मावतं. १००० हर्ट्झला जेमतेम साडेतीन!

होंडाने २००३ च्या इन्स्पायरमध्ये याच युक्तीने पेट्रोल वाचवलं. सहातले तीन सिलिंडर बंद ठेवल्यावर इंजिन घुमायचं, तो आवाज स्पीकरनी खाल्ला. उलट, बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये स्पीकरमधून इंजिनाची डरकाळी वाढवून ऐकवली. हौसेला मोल नाही!

रस्त्याचा आवाज मात्र आगाऊ सांगून येत नाही. ह्युंदाईच्या जेनेसिस जीव्ही८० मधली यंत्रणा तो ओळखून ०.००२ सेकंदात उलटी लाट तयार करते. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आवाज सुमारे ३ डेसिबलनी उतरतो, म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्म्यावर येते.