सुजलेल्या हातावर इतका हलका हात का?

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, की काही जणींचा हात सुजतो. कधी लगेच, कधी काही वर्षांनी. लसिका नावाच्या द्रवाला हृदयासारखा पंप नाही. स्नायूंच्या हालचालीने आणि वाहिन्यांच्या आकुंचनाने तो पुढे सरकतो. वाट तुटली, की साचतो.

मालीश म्हटलं की जोर आठवतो. ही सूज उतरवण्याच्या मालिशीत मात्र त्वचा जेमतेम ताणतात, कारण लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्या त्वचेलगतच असतात. सुरुवातही मानेपासून आणि निरोगी बाजूच्या काखेपासून होते: वाहतूक तुंबली, की पुढची वाहनं आधी हलवावी लागतात तशी. दुखायला मुळीच नको. नंतर पट्टी किंवा घट्ट बाही बहुधा लागतेच. एकट्या मालिशीवर विसंबू नये. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर मालीश थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.