घराला गडद राखाडी रंग देताय?

नवे घर बांधले की हल्ली बाहेरून गडद राखाडी रंग देण्याची चाल पडली आहे. चौकोनी बांधणी, मोठ्या खिडक्या आणि कोळशाच्या छटेच्या भिंती! शेडकार्डात हे चित्र छान दिसते, यात शंका नाही. पण पी. एफ. काढून, सोसायटीचे कर्ज घेऊन ज्यांनी घर उभे केले, त्यांना हा रंग पुढची काही वर्षे बदलता येत नाही. म्हणून पेंटरला होकार देण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून विचार करावा.

पहिली गोष्ट उन्हाची. चुन्याची पांढरी भिंत बरेचसे ऊन परतवून लावते. गडद राखाडी भिंत त्यातले बहुतेक पिऊन टाकते. रंगाच्या दुकानात ‘एल. आर. व्ही.’ हा आकडा विचारा. रंग किती उजेड परतवतो ते त्यावरून कळते. पूर्ण काळ्याला ०, पूर्ण पांढऱ्याला १००. गडद राखाडी छटा साधारण २० च्या खाली असतात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथे पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, ती उष्णता विटांमधून काही तासांनी आत उतरते आणि नेमकी झोपायच्या वेळी खोलीची भट्टी होते. त्या खोलीत म्हातारे आईवडील किंवा तान्हे मूल झोपत असेल, तर त्या भिंतीला हा रंग देऊच नये. पत्र्याखाली उन्हाळे काढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

मग हौस मारायची का? मुळीच नाही. पावसात चिखलाचे शिंतोडे भिंतीवर दोन-अडीच फूट उडतात. जोत्यापासून तेवढा पट्टा गडद राखाडी ठेवला तर डाग लपतात. छज्जे, खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या, ग्रील, फाटक यांनाही तो शोभतो. उत्तरेच्या भिंतीवर ऊन कमी, पोर्चखाली त्याहून कमी. तिथली अख्खी भिंत राखाडी केली तरी चालेल. बाकी घराला फिकट राखाडी किंवा ऑफ-व्हाइट द्यावा.

छटा कार्डावरच्या चौकटीवरून ठरवू नका. भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी पाहा. तोच राखाडी एकदा निळसर, एकदा जांभळट दिसतो. शेजारच्या घराचा रंगही डोळ्यांसमोर असू द्या.

काम पाऊस सरून भिंती वाळल्यावर काढावे. नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्या. ओल राहिली तर खार फुटतो, आणि गडद भिंतीवर ते पांढरे डाग लांबून दिसतात. चिरा भरून प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. पेंटर प्रायमर टाळू म्हणाला तर ऐकू नका. छटेचा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि लिटरभर रंग उरवा. पुढे डागडुजीला आणलेला नवा डबा जुन्याशी जुळेलच असे नाही.