ऑपरेशन ठरलं? भुलीच्या डॉक्टरांना बीपी सांगा

सख्यांनो, पिशवीचं ऑपरेशन ठरलं की घरात पैशाचं आणि सोबत कोण राहील याचं बोलणं होतं. बीपीच्या गोळीचं कुणी काढत नाही.

पूर्ण भूल देताना आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन अशी औषधं श्वासावाटे देतात. त्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाचा जोर थोडा कमी होतो आणि बीपी उतरतो. धडधाकट बाईला ते सोसतं. पण बीपी बरीच वर्षं वाढलेला असेल, तर हृदयाची भिंत जाड आणि रक्तवाहिन्या ताठ झालेल्या असू शकतात. मग बीपी एकदम खाली येतो. मेंदू, हृदय, किडनीला रक्त कमी पडू शकतं.

म्हणून गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, भूलतज्ज्ञांना दाखवा. उपाशी यायला सांगितलंय म्हणून स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. कोणती घोटभर पाण्यासोबत घ्यायची, कोणती त्या दिवशी टाळायची, हे त्यांनाच विचारा. बीपी 180/110 च्या वर असला तर घाईचं नसलेलं ऑपरेशन डॉक्टर पुढे ढकलू शकतात. ते तुमच्या जिवासाठीच.

नांदुरा तालुक्यातल्या तायांनो, तारीख घेण्याआधीच जवळच्या सरकारी दवाखान्यात बीपी मोजून घ्या. गटाच्या बैठकीत हे वाचूनही दाखवा.